हाताच्या मापाची मूठ

लिमयेकाका कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायचे. कप असो, छत्री असो, नाहीतर दिवाळीला आपण प्रेमाने नेऊन दिलेला करंज्यांचा डबा असो. मग ती सुलटी करून विचारायचे, "वसूल होतं का हे?" आमची पहिली भेट सिंगापूरच्या एका शूटिंग क्लबमध्ये झाली, तीही अशीच. मी नवी सभासद होते. फोनवर मराठीत बोलताना ऐकून शेजारच्या लेनमधले साठीचे गृहस्थ जवळ आले. मी नुकतेच घेतलेले, कानांवर लावायचे मफ त्यांनी माझ्या हातातून घेतले आणि उलटे केले. "क्लबचे फुकट मिळतात. हे कशाला घेतलंत?" नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला उधळी ठरवून टाकलं होतं.

ते निघाले आमच्या टॅम्पिनीसमधलेच, दोन ब्लॉक सोडून राहणारे. नोकरी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, मूळ गाव सातारा. मग दर शनिवारी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, त्यानंतर बस असा आमचा जोडीने प्रवास सुरू झाला. मला ते 'अगं मेधा' म्हणू लागले आणि मी त्यांना काका. कॉलेजात असताना एनसीसीच्या नेमबाजी संघातून ते थोडक्यासाठी वगळले गेले होते. ते दुःख त्यांनी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. आता त्यांना एकच गोष्ट करून दाखवायची होती. साठ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण, अशा सहाशेपैकी एकदा तरी साडेपाचशे. तेही निवृत्त होऊन साताऱ्याला परत जायच्या आत, कारण तिथे गेल्यावर कुठलं पिस्तूल आणि कुठली रेंज!

क्लबच्या पिस्तुलावर त्यांचे जास्तीत जास्त पाचशे अडतीस झाले होते. ते पिस्तूल म्हणजे धर्मशाळेतलं अंथरूण. चाळीस जणांनी हाताळलेलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं. मग एकदा तिथले रेंज-अधिकारी ओंग यांनी त्यांच्या हातात एक उंची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल दिलं. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, हे साध्या पिस्तुलातही होतंच. पण ह्याचा चाप लोण्यात सुरी जावी तसा चालत होता. काकांच्या पाच गोळ्यांची भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली. काकांनी पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामं करून खाली ठेवलं, किंमत विचारली, आणि माझ्या आयुष्यातली तीन वर्षं खर्ची पडली.

किंमत साध्या पिस्तुलाच्या तिप्पट होती. परवडत नव्हतं असं नाही. पण परवडणं आणि वसूल होणं ह्या काकांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. आठवड्याला दोन तास वापरणार, मग वसूल कसं होणार? पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं तर? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सिंगापुरात पिस्तूल घरी नेता येत नाही. पोलिसांचा परवाना आपल्या नावावर, पिस्तूल मात्र क्लबच्या शस्त्रागारात कुलुपात. "अगं, वस्तू घेतली की माणूस घरी आणतो, हळदकुंकू वाहतो, चार जणांना दाखवतो. ही कसली खरेदी? पैसे माझे आणि कुलूप त्यांचं!" हे वाक्य मी घरी येताना पासीर रिसच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत इतक्या वेळा ऐकलं आहे, की अजूनही ती लाइन पकडली की कानात वाजतं.

ते सगळ्यांना विचारत. ऑफिसातल्या लोकांना, डोळ्यांच्या डॉक्टरांना. रेंजवरून येताना आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, कॉफी प्यायला थांबायचो, तर तिथल्या कॉफीवाल्या मावशींनाही त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. मावशींनी फोटो बघितला, किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "अंकल, दिस वन कॅन ईट ऑर नॉट?" काकांना तो मुद्दा फार गंभीर वाटला. घरी येईपर्यंत ते त्यावरच विचार करत होते. ओंग बिचारे शांत माणूस, पण एका शनिवारी तेही वैतागले. "अंकल, यू बाय ऑर यू डोन्ट बाय, नेव्हर माइंड. बट शूट फर्स्ट, लह!"

काकूंना, म्हणजे शैलाकाकूंना, ह्यात काही नवल वाटत नव्हतं. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळे फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर उभे असत. काकांच्या आईवडिलांचा, लग्नातला, मुलीच्या पदवीचा. मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली इथे येऊन. एक खिळा ठोकू दिला नाही. घरमालक डिपॉझिट कापेल म्हणे. घर घ्या म्हटलं तर 'जायचंच आहे ना परत'. केर काढताना रोज सासूसासऱ्यांना बाजूला सरकवते मी." काका आतून म्हणाले, "भिंत बघ किती स्वच्छ राहिलीय!"

अखेर निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलं. परवाना आला, पिस्तूल आलं, मी पेढे नेले. वाटलं, सुटले. कसली सुटते!

अशा पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ मुद्दामच थोडी जाड ठेवलेली असते. घेणाऱ्याने ती कानशीने, पॉलिश पेपरने घासून आपल्या हाताला बसवायची. जिथे टोचते तिथे काढायचं, जिथे पोकळी राहते तिथे भर घालायची. ते केल्याशिवाय त्या पैशांना अर्थ नाही, हे ओंग यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. काकांनी कानशीकडे असं पाहिलं, जणू कोणी त्यांच्या नातवाचे कान टोचायला सोनार आणलाय. "घासायची? कोरी वस्तू? जाताना विकायचीय मला. वस्तूची खरी किंमत विकताना कळते, मेधा."

"नवी मूठ वेगळी मागवता येते, काका. विकताना ती लावून द्या."

"मूळ ते मूळ."

आणि ते त्या न बसणाऱ्या मुठीने नेम धरत राहिले. गुण वाढायच्या ऐवजी घसरले, पाचशे एकवीस! चिकटपट्टीवाल्या पिस्तुलापेक्षाही कमी. दर शनिवारी गोळीबार झाल्यावर ते पिस्तूल पुसायचे, मूठ पिवळ्या फडक्यात गुंडाळायचे आणि मला म्हणायचे, "एक ओरखडा नाही बघ." दसऱ्याला तर कहर केला. शस्त्रपूजा करायची, पण शस्त्र कुलुपात. म्हणून पिस्तुलाचा फोटो छापून आणला, देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि त्या कागदावर हळदकुंकू वाहिलं. मी नमस्कार केला आणि तिथल्या तिथे भांडले. "काका, फोटोने साडेपाचशे होणार आहेत का? किती शनिवार राहिलेत ते मोजा जरा!" ते म्हणाले, "घाई काय आहे?" त्यांच्या तोंडून हे तीन शब्द आले की माझं डोकं फिरायचं.

जानेवारीत पिस्तूल बघायला एक गिऱ्हाईक आलं. क्लबचाच नवा सभासद, तिशीतला स्थानिक तरुण. त्याने पिस्तूल उचललं, मूठ फिरवून बघितली, आणि खूश होऊन म्हणाला, "वा, अंकल, लाइक न्यू! यू नेव्हर यूज, इज इट?"

मला वाटलं, काका आता फुलून येतील. आयुष्यभर ह्याच वाक्यासाठी तर त्यांनी सगळं जपलं होतं. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी त्याच्या हातातून पिस्तूल घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि "नॉट फॉर सेल" म्हणाले. तो गेल्यावर ते बाकावर बसले. मग मला म्हणाले, "मी वापरलं गं. सात महिने वापरलं. त्याला दिसलं कसं नाही?" मला फार वाईट वाटलं. मग ते उठले आणि ओंग यांच्याकडे जाऊन कानस मागितली.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन शनिवारी त्यांनी एकही गोळी झाडली नाही. ओंग यांच्या देखरेखीखाली ते वर्कबेंचशी बसून मूठ घासत होते. अंगठ्याखाली खोलगट केलं, करंगळीशी लाकडी पुट्टीची भर घातली. लहानपणी विळीवर काकांचा हात कापला होता, त्याचा तळहातावर जुना उंचवटा होता. त्याच्यासाठीसुद्धा जागा केली. अक्रोडाची झळाळी गेली, पांढरे चट्टे पडले. ती मूठ दिसायला अगदी वाईट झाली. पण चौथ्या शनिवारी त्यांनी हात पुढे केला आणि पिस्तूल हलेचना.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्लबची स्पर्धा होती. त्यानंतर दहा दिवसांनी त्यांचं विमान. काकू पहिल्यांदाच रेंजवर आल्या आणि कानांवर मफ लावून डोळे मिटून बसल्या. साठ गोळ्या झाल्या. पाचशे सेहेचाळीस.

मी रडले. रागाने रडले, हे स्पष्ट सांगते. चार गुण! "तीन वर्षांपूर्वी घेतलं असतं, निदान पहिल्या दिवशी घासलं असतं, तर आज..." मी बोलायची थांबेना. काका गुणपत्रिका उलटी करून बघत होते, मागे कोरी होती. "साडेपाचशे ह्यात होते, मेधा," ते पिस्तुलाकडे बघत म्हणाले. "मलाच यायला उशीर झाला." त्यांना मी पहिल्यांदाच 'वसूल' हा शब्द न वापरता बोलताना ऐकलं.

पिस्तूल अर्थातच कोणी घेईना. मूठ कोणाच्याच हाताला बसत नव्हती. काका साताऱ्याला परतले आणि पिस्तूल तिथेच कुलुपात राहिलं. तू घेतेस का, असं ओंग मला विचारू लागले, आणि मला शोध लागला की मी तीन शनिवार त्या पिस्तुलासमोर उभी राहून हेच म्हणत होते, की एवढ्या पैशांत हे वसूल होईल का. लाजेने मेल्यासारखं झालं. चौथ्या शनिवारी काकांना फोन केला, भाव न करता ते घेतलं, नवी मूठ मागवली आणि ती आल्या दिवशीच कानस लावली.

काकांची काढलेली मूठ ओंग यांनी माझ्यापुढे धरली. "दिस वन ओन्ली वुड. यू कॅन टेक होम." मी ती साताऱ्याला कुरियरने पाठवली.

दसऱ्याला काकूंनी फोटो पाठवला. भिंतीवर खिळे ठोकून सगळे फोटो लावलेले, खाली देव्हारा, आपट्याची पानं, आणि पाटावर ती चट्ट्यापट्ट्यांची मूठ, हळदकुंकवात माखलेली. लगेच काकांचा फोन आला. "मेधा, पार्सलला किती पडले गं? एवढ्या पैशांत ते वसूल..."

"काका, फोन ठेवीन हं मी!"

पलीकडून फोन काकूंनी घेतला. म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. पार्सल आल्यापासून संध्याकाळी टीव्ही बघताना ती हातात धरून बसतात. काल मी घेऊन बघितली, तर म्हणाले, ठेव ती, तुझ्या हाताला यायची नाही."