ओक्काच्या कपातला चमचा

जर्मनीतल्या एम्डनच्या बंदरावरच्या खलाशी क्लबात ओक्का फ्रेरिक्स चहा देते तो कपात चमचा उभा ठेवूनच. गावात ही गोष्ट फार जणांना खटकते. आमच्याकडे पाहुण्याने आपला चमचा कपात ठेवला की त्याचं पुरे झालं असं समजायचं. तो ठेवत नाही तोवर यजमानाने ओतत राहायचं, आणि तिसऱ्या कपाच्या आत कुणी उठायचं नाही. मग पहिलाच कप चमच्यासकट हातात द्यायचा म्हणजे 'या आता' असं तोंडावर सांगण्यासारखंच झालं. ओक्काची शेजारीण गेशे एकदा हौसेने क्लब बघायला आली होती. तो कप हातात पडताच ती कोटाची बटणंसुद्धा न लावता निघून गेली आणि पुढे कित्येक दिवस ओक्काशी बोलली नाही.

"अगं, तिला कारण तरी सांग," क्लबची गाडी चालवणारा मेन्नो तिला म्हणाला.

"गेशेला काय करायचंय कारण? तिची माणसं सगळी दोन गल्ल्यांत राहतात," ओक्का म्हणाली. "तिला कुठे समुद्रापार फोन करायचाय?"

आधी ती अशी नव्हती. ओक्काच्या हातचा चहा म्हणजे जुन्या रीतीचा नमुना होता. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकल्याचा आवाज ऐकायचा, मग कडेकडेने साय सोडायची आणि अजिबात ढवळायचं नाही. कुणी ढवळायला गेलंच तर ती त्याच्याकडे अशी बघे की पुन्हा त्याची हिंमत होत नसे.

तरुणपणी ती टपाल कचेरीत परदेशी फोनच्या केबिन सांभाळायची. काचेपलीकडे माणसं हसताना, रडताना, नुसतीच रिसीव्हर धरून उभी राहिलेली तिने बघितली होती. लग्न केलं नाही, त्याची रुखरुखही तिला कधी वाटली नाही. केबिन गेल्या, नोकरी संपली, आणि घरी बसून पडदे धूत राहण्यापेक्षा बरं म्हणून ती क्लबात यायला लागली. तिथे खिडकीजवळचं टेबल तिचं झालं. खलाशांना इथलं सिम कार्ड काढून द्यायचं आणि पैसे काढायचे असतील तर एटीएमपर्यंत सोबत करायची, हे तिचं काम.

त्या कामात ती भलतीच कडक. मेन्नोने गाडीभरून खलाशी आणून उतरवले की तिचा पाढा सुरू व्हायचा.

"टपरीबाहेरचं ते पिवळं मशीन आहे ना, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. बँकेच्या दाराच्या आत जायचं. आकडे दाबताना वरून दुसरा हात धरायचा. मशीन गोड बोलून विचारेल, तुमच्या देशाच्या पैशात हिशोब करू का. नको म्हणायचं! तो त्याचा भाव असतो, लुटीचा. आणि कार्ड आत अडकलं तर जागेवरून हलायचं नाही. अशा वेळी कुणी सभ्य माणूस मदतीला धावून आला, तर आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा."

"आणि मी आलो तर?" मेन्नो विचारी.

"तुला सभ्य कोण म्हणालं?"

एवढं सांगूनही तिचं समाधान होत नसे. ती स्वतः बरोबर जायची. खलाशी मशीनकडे तोंड करून उभा राहिला की ती त्याच्याकडे पाठ करून रेनकोट दोन्ही हातांनी फाकवून उभी राहायची, कोंबडी पिलांवर पंख धरते तशी. तिच्या राज्यात कुणाचा एक पैसा गेला नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नाही.

सिम कार्डाचं काम मात्र सावकाश चालायचं. पासपोर्ट दाखवायचा, नाव नोंदवायचं, आणि मग कार्ड जागं व्हायची वाट बघायची. कधी लगेच, कधी बराच वेळ. खलाशी चुळबुळ करायचे. त्या वेळात ओक्का चहा मांडायची. आणि तिचा एक नियम होता: टेबलावर चहा असेल तर फोन नाही. खिडकीत वेताची टोपली ठेवलेली असे, सगळ्यांनी आपापले फोन त्यात टाकायचे. महिनोन् महिने जहाजाच्या लोखंडात राहून आलेली पोरं इथेही माना खाली घालून बसतात, हे तिला बघवत नसे. घटकाभर माणसात बसा, बोला, साय चहात कशी पसरते ते बघा, असं तिचं म्हणणं. नियम मायेपोटीच केलेला होता, आणि म्हणूनच तो कधी कुणी मोडला नाही.

क्रिसांतो आला तो थंडीतल्या एका सकाळी. मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावरचा फिलिपिनो पोरगा, पहिलीच सफर. जहाज दुपारच्या भरतीला निघणार होतं. त्यांचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम एफ्रेन, ओक्काला जुना ओळखत होता. त्याने जहाजाच्या शिडीवरच पोराला समज दिली होती: म्हातारी सांगेल तसं वाग, तिसरा कप होईपर्यंत उठू नकोस, तिच्या मनाला फार लागतं. आपल्या सगळ्यांची आई आहे ती, आमची लाज राख.

"नानाय," क्रिसांतो म्हणाला. त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात आणि ओक्काला ते आता सवयीचं झालं होतं. "मला घरी फोन करायचाय."

"इथे येतो त्या प्रत्येकालाच करायचा असतो रे बाळा. आधी पैसे काढून आणू. चल, टोपी घाल, कान गळून पडतील."

क्लबात वायफाय होतं, पण त्याच्या बहिणीचा फोन साधा, बटणांचा. सिम कार्डाशिवाय इलाज नव्हता.

वाटेत तो म्हणाला, "माझे वडील दवाखान्यात आहेत, नानाय. हृदयाचं दुखणं. आज ऑपरेशन आहे. आत नेण्याआधी त्यांच्याशी बोलायचंय."

"बोलशील की," ओक्का म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आज म्हणजे आज केव्हा, हे तिने विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला आमच्याकडे खोदून विचारत नाहीत. तो सांगेल तेवढं ऐकायचं आणि चहा ठेवायचा. शिवाय दवाखान्यात काहीच वेळेवर होत नाही, असंही तिच्या मनात आलं.

बँकेच्या आत ती नेहमीसारखी रेनकोट फाकवून उभी राहिली. मागे एक माणूस जरा जास्तच जवळ आला तर तिने त्याला असं दरडावलं की तो रांग सोडून निघून गेला. क्रिसांतोला हसू आलं. क्लबात परतल्यावर त्याचा पासपोर्ट बघून तिने नाव नोंदवलं, कार्ड फोनमध्ये घातलं आणि फोन टोपलीत ठेवायला सांगितलं.

"आता हे जागं होईपर्यंत आपण चहा घेऊ."

पहिला कप झाला. क्रिसांतोने तो दोन्ही हातांत धरून संपवला आणि खाली ठेवला. चमचा बशीत होता, तसाच राहिला. ओक्काने दुसरा ओतला. त्याची नजर खिडकीकडे गेली. टोपलीतल्या फोनचा उजेड एकदा लागला आणि विझला. ओक्काची तिकडे पाठ होती. तिने फक्त पोराचे डोळे वळलेले बघितले.

"कार्डाला घाई नसते," ती म्हणाली. "तूही करू नकोस."

"नाही, नानाय."

ती त्याच्या गावाबद्दल विचारत राहिली. त्याने सांगितलं की त्याचे वडील होड्या बांधतात, आणि तो लहान असताना त्याला नव्या होडीत निजवून ते तिला रंग द्यायचे. तिसरा कप झाला. चमचा बशीतच. पोराला चहा आवडलाय, या विचाराने ओक्का सुखावली आणि तिने चौथा ओतला. मोठ्या बाईने दिलेलं नाकारायचं नाही, हे त्याला घरी शिकवलेलं. चमचा कपात ठेवला की सुटका होते, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. एफ्रेन कप मोजून सांगायला विसरला नाही, चमच्याचं सांगायला विसरला.

तेवढ्यात मेन्नो हात चोळत आत आला. "अरे, हा टोपलीतला फोन कुणाचा? मघापासून बाहेरून बघतोय, सारखा उजळतोय."

क्रिसांतो उठला. कार्ड केव्हाच जागं झालं होतं, कंपनीचे निरोप येऊन पडले होते. फोन घेऊन तो बाहेर भिंतीच्या आडोशाला गेला. काचेतून ओक्काला त्याची पाठ दिसत होती. केबिनच्या काचेतून बघितलेल्या शेकडो पाठी तिला ओळखता येत होत्या. ही पाठ कसली आहे, ते तिला लगेच कळलं.

तो आत आला. "नेलं त्यांना, नानाय. आत्ताच नेलं."

"मग... बाहेर आणतील तेव्हा बोल," ओक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"हो, नानाय. चहाबद्दल आभारी आहे." आणि त्या पोराने आपला कप, बशी आणि तो कोरडा चमचा मोरीत नेऊन धुतला.

दुपारी जहाज सुटलं. चार-पाच दिवसांनी पुढच्या बंदरातून एफ्रेनचा मेन्नोला निरोप आला. वडील ऑपरेशनमधून उठले नाहीत. बहीण सांगत होती, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी त्यांनी पलंगाची कड धरून ठेवली होती आणि नर्सला पुन्हा पुन्हा म्हणत होते, थोडं थांबा, माझ्या पोराचा फोन यायचाय. त्या लोकांनी थांबता येईल तेवढं थांबून बघितलं.

मेन्नोने हे ओक्काला सांगावं की नाही यावर एक रात्र काढली आणि शेवटी सांगितलं.

"मी रस्त्यावरच्या चोरांपासून त्याला जपत होते," ती म्हणाली. "आणि त्याच्याकडे जे होतं ते मीच काढून घेतलं. टेबलाशी बसवून, साय घालून."

"तुला माहीत नव्हतं, ओक्का."

"आज आहे म्हणाला होता तो. मला ऐकू आलं होतं." तिने एप्रनच्या खिशात हात घातला. "आणि हा माझा फोन, मेन्नो. सगळा वेळ इथे होता. हातात दिला असता तर?"

मेन्नो गाडी पुसायला बाहेर गेला.

काही काळ तिने चहाच बंद केला. किटली कपाटात गेली, टोपली घरी जाऊन तिच्यात कांदे पडले. पण मग क्लबाची खोली रेल्वेच्या प्रतीक्षालयासारखी झाली, आणि ते तिच्याच्याने सहन होईना. चहा परत सुरू झाला तो असा, कपात चमचा घेऊन. कप देताना ती प्रत्येकाला सांगते, "हा चमचा म्हणजे तू मोकळा आहेस. अर्धा टाकून ऊठ, मला राग नाही." आणि दारातून आत आलेल्या माणसाला ती सगळ्यात आधी विचारते, घरी कुणी आजारी आहे का, फोन केव्हा करायचाय, नेमका केव्हा. आमच्या लोकांना हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तेच जहाज पुन्हा धक्क्याला लागलं. मेन्नोने गाडीतून उतरवलेल्यांत क्रिसांतो होता. खांदे रुंद झालेले, चेहरा उन्हाने रापलेला. ओक्काने त्याला दारातच ओळखलं आणि टेबलाची कड धरली.

"नानाय, सिम कार्ड हवंय."

तिने पासपोर्ट घेतला. नाव नोंदवताना तिची बोटं दोनदा चुकली. मग तिने खिशातून स्वतःचा फोन काढून त्याच्यापुढे ठेवला. "कार्डाला वेळ लागेल. आधी यावरून बोल. इथेच बस, बाहेर थंडी आहे."

थंडी मुळीच नव्हती. पण तो बसला, आणि त्याने आईला फोन लावला. ओक्काला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी पलीकडची बाई आधी रागावली, मग हसली, मग जेवलास का असं काहीतरी विचारू लागली, एवढं तिला समजलं. त्याचं बोलणं पोटभर होईपर्यंत ती मोरीशी उभी राहून धुतलेलेच कप धूत राहिली.

मग तिने त्याच्यापुढे कप ठेवला. चमचा आत उभा होता.

"एफ्रेनने मला मागाहून सांगितलं, हा चमचा म्हणजे काय ते," क्रिसांतो म्हणाला. "त्या दिवशी उठता येतं, हे मला माहीत नव्हतं, नानाय."

"मी सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं."

ओक्काने मान हलवली. तिला रडू आलं आणि तिने ते पुसलं नाही. क्रिसांतो कपाकडे बघत होता. त्याचा फोन त्याच्या कोपराशी टेबलावर पडला होता, त्यावर आता सिग्नलच्या रेघा आल्या होत्या. त्याने चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग कपातला चमचा काढून रुमालाने पुसला, बशीत ठेवला, आणि रिकामा कप तिच्याकडे सरकवला.

ओक्काने किटली उचलली आणि दुसरा कप ओतला.