मुकादम राजकोटला कसा पोहोचला

ती केस आठवली की आधी वडिलांचे पाय डोळ्यांपुढे येतात. भाईंदरच्या मिठागरात राबून तळव्यांना पडलेल्या भेगा त्यांच्या हयातीत भरल्या नाहीत. त्याच पायांवर उभं राहून त्यांनी मला बी.ए. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

सत्तरच्या दशकात मी फौजदार म्हणून भाईंदरलाच आलो. एके दिवशी भावनगर पोलिसांचा बिनतारी संदेश आला. तिथल्या एका मीठ-व्यापाऱ्याच्या देवघरातून सोन्याचा हार गेला होता. सकाळी साडेदहाला मालकिणीने तो पाहिला होता, बाराला तो जागेवर नव्हता. संशय आमच्याकडच्या एका मिठागराच्या मुकादमावर होता. मिठाचे नमुने घेऊन तो त्या घरी उतरला होता. त्याला ताब्यात घ्या, दोन दिवसांत आमचं पथक येईल, असा संदेश होता.

ठाण्यात आणलेला मुकादम पन्नाशीचा, भेगाळलेल्या पायांचा.

"त्या दिशी नवाला भावनगरच्या घरनं चाय घेऊन निंगालो, साहेब. बाराला राजकोटच्या व्यापाऱ्याला नमुना दिला. ही पावती हाय."

"कशाने गेलात?"

"यष्टीनं."

इथेच तो अडकला. एसटीला त्या रस्त्याने पाच तास लागत. म्हणजे पावती खोटी आणि मुकादम त्या वेळी भावनगरातच, असं धरलं जाणार होतं.

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, ह्यांची एसटी उडते वाटतं."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. पण खोटं बोलणारा आपलं पटलं का, हे पाहायला अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हा बघत होता दाराकडे. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती.

मी अंगझडतीचा पंचनामा पुन्हा वाचला. विड्यांचं बंडल, कापसाचे दोन बोळे, रंगीत कागदातल्या चार लिमलेटच्या गोळ्या. माझा कॉलेजातला एक मित्र विमानाने जाऊन आला होता. कानाला दडे बसू नयेत म्हणून तिथे हेच देतात, असं त्याने सांगितलं होतं. मी भावनगर विमानतळाला ट्रंक कॉल लावला. अर्ध्या दिवसाने तो लागला. मुंबईचं विमान तिथे थांबून दहाला राजकोटला गेलं होतं. प्रवास चाळीस मिनिटांचा. प्रवाशांच्या यादीत मुकादमाचं नाव होतं. मालकिणीने हार पाहिला तेव्हा हा माणूस आकाशात होता.

मी नवरा-बायकोला समोर बसवलं. "लपवलंत का?"

"इमानं मिठागरावरनं जाताना जल्मभर बघतोय, साहेब. एकदा बसाचं व्हतं. ह्यो टप्पा जवलचा, म्हनून तिकीट झेपलं. पन हिनं पोरांची शपत घालेली, इमानात बसाचं न्हाय म्हनून."

बाई नवऱ्याकडे वळली.

"मंग बेडीत गेलं असतं तं पोरांचं भलं व्हनार व्हतं?"

मग तिनेच पुढे विचारलं.

"येताना तरी कशानं आलाव?"

"रेल्वेनं."

"मंजे शपत अर्धीच मोडली," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "वरनं मिठागर दिसतं का?"

"दिसतं. काचेच्या तुकड्यांवानी."

चार गोळ्या मी पंचांसमक्ष परत केल्या. त्याने त्या तिच्या हातावर ठेवल्या.

माणूस खोटं बोलला म्हणजे चोर ठरत नाही. तो ते कोणापासून लपवतोय, हे आधी पाहावं. या केसनंतर मी प्रत्येक जबाबाच्या वेळी ते पाहत आलो.

हार पुढे त्या घरातल्याच एका नातेवाइकाकडे मिळाला. भावनगरचं पथक हातकडी न वापरता परत गेलं आणि मुकादम सोमवारी मिठागरावर हजर झाला.