डाव्या कुशीची रेषा

माझं माप चुकलं नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. रेषा मात्र चुकली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला अजून धड उमगलेलं नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासून पोट भरलं, त्याच्यावर असं कबूल करायची पाळी यावी, याचा मला थोडा रागही येतो.

वरणगावजवळच्या कारखान्यात मी गेज रूममध्ये होतो. कारखान्यातलं मोजायचं प्रत्येक हत्यार खरं मोजतं की नाही, हे आम्ही तपासायचो. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांचं ऊन आणि आमची खोली बारा महिने वीस अंशांवर. उन्हातून आलेला लोखंडाचा तुकडा लगेच मोजायचा नाही, असा नियम होता, कारण लोखंड तापलं की फुगतं. आधी तो खोलीत निवू द्यायचा, मग सपाट दगडी पाटावर ठेवायचा आणि मगच मायक्रोमीटर लावायचा. कुणी घाई केली की मी त्याला फैलावर घेई. घरीही माझा हा स्वभाव सुटला नाही. भिंतीवर फोटो लावायचा तर मी पातळी बघायची पाणसळ घेऊन येई आणि बायको कपाळाला हात लावी.

निवृत्त होऊन दुसरं वर्ष चालू असताना तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. आम्ही भुसावळला राहतो; जळगावला ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. धुळ्याहून तिची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, ती येऊन राहिली. जखमेची पट्टी अक्का बदलायची, अंग अक्का पुसायची. त्या वेळी मी दुधाला, भाजीला, बिल भरायला, कुठेही निघून जायचो. बायकांच्या कामात आपण कशाला, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर मला बघवत नव्हतं. बायको त्याबद्दल काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसावं.

मग डॉक्टरांनी किरणांचा उपचार सांगितला. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. तीन आठवडे, रविवार सोडून रोज. पहिल्या दिवशी स्कॅनच्या मोठ्या मशीनवर निजवून तिच्या अंगावर मार्करने रेषा काढल्या: एक छातीच्या मधोमध, एक उजव्या कुशीवर, एक डाव्या. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि बजावलं, या रेषा पुसू द्यायच्या नाहीत. मशीनच्या खोलीत भिंतीतून हिरवा उजेड येतो, बारीक दोऱ्यासारखा. तो या रेषांवर बरोबर बसला की माणूस जागेवर आला असं समजायचं.

मी डॉक्टरांना विचारलं, मशीन किती अचूक आहे. मिलिमीटरच्या आत, असं ते म्हणाले. मग सगळा भरवसा बाजारात मिळणाऱ्या पेनाच्या रेषेवर कसा, असं मी विचारलं. ते हसले आणि बरंच काही समजावून सांगितलं, पण ते माझ्या डोक्यावरून गेलं. एवढं मात्र पक्कं कळलं की डाव्या फासळ्यांच्या मागे लगेच काळीज असतं, आणि किरण त्याला लागू द्यायचे नाहीत. म्हणून किरण सुरू असताना तिने खोल श्वास घेऊन धरून ठेवायचा, म्हणजे काळीज थोडं मागे सरकतं. हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. इतकं महागडं मशीन, भिंती दोन-दोन हात जाड, आणि शेवटी सगळं माझ्या बायकोच्या श्वासावर.

बाहेरच्या खोलीत पडद्यावर ती दिसायची. दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन निजलेली. मशीन चालवणारी मुलगी माईकवरून सांगायची, श्वास घ्या, धरा. ती धरायची. इकडे मीही धरायचो, आणि दर वेळी माझा आधी सुटायचा. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर बायकोने नाक मुरडलं आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ कसाना शेक शे? ना गरम लागस, ना थंड."

मलाही तोच प्रश्न पडला होता. मशीन तिला शिवलं नाही, भाजलं नाही, दुखलं नाही. काम झालं हे मानायचं कशावरून? आमच्याकडे काम झालं की तुकड्यावर शिक्का पडायचा. इथे फक्त उद्या याच वेळेला या, एवढंच सांगितलं. मशीनवरची मुलगीही धुळ्याकडचीच निघाली. त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं आणि माझे प्रश्न तसेच बाजूला राहिले.

दुसरा आठवडा संपला तेव्हा आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. त्या रविवारीच सण होता. आखाजीला बायको माहेरी गेली नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. अक्काच्या घरी लेक येणार होती म्हणून अक्का आदल्या दिवशी धुळ्याला गेली. घरात आम्ही दोघंच. सकाळपासून वीज गेली होती, कूलर बंद, खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. बायको घामाने निथळत होती. दुपारी तिने आतून हाक मारली. चिकटपट्टी घामाने सुटली होती आणि पदर घासून डाव्या कुशीवरची रेषा पुसली गेली होती. मधली आणि उजवीकडची शाबूत होती.

माझी पाचावर धारण बसली. दवाखान्यात फोन केला, पण रविवार आणि त्यात सण, कुणी उचलला नाही. उद्या सकाळी तिथे गेल्यावर सांगू, असा साधा विचार कुणाही शहाण्या माणसाने केला असता. माझ्या मनात आलं, आपण आयुष्यभर दुसरं केलंय तरी काय? उजवी रेषा आहे, मधली आहे. मधल्यापासून उजवीचं अंतर घ्यायचं आणि तेवढंच डावीकडे मोजायचं. यात चुकण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही.

पलंगावर गादीचा झोल असतो, म्हणून मी तिला फरशीवर निजायला सांगितलं. त्याआधी फरशीवर चार ठिकाणी पाणसळ ठेवून पाहिली. वीज आल्यावर तिला अर्धा तास कूलरसमोर बसवलं, अंग निवावं म्हणून. ती म्हणाली, मी काय तुमच्या कारखान्यातलं लोखंड आहे का. हात सरळ अंगालगत ठेव, श्वास शांत घे, हलू नकोस, एवढंच सांगितलं. कपाटातली स्टीलची पट्टी काढली, पुसली आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसलो.

मग मी मोजलं. दोनदा नाही, पाच वेळा. वण काखेपासून थेट मधोमधपर्यंत गेलेला होता, कातडी टाक्यांच्या ओळीकडे ओढली गेली होती, त्याच्या दोन्ही कडा मला दिसत होत्या. पट्टी त्याच्यावरूनच न्यावी लागत होती. माझा हात जराही हलला नाही. पाचही वेळा माप तेच आलं. मी रेषा काढली, नवी चिकटपट्टी लावली आणि तिला उठवलं. त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो. बायकोही त्या दिवशी जरा जास्त बोलत होती, माहेरच्या झोक्याच्या गोष्टी सांगत होती.

सोमवारी जळगावला गेलो. ती आत गेली. रोज पंधरा मिनिटांत संपणारं काम संपेना. जाड दार दोनदा उघडलं, मुलगी आत गेली, बाहेर आली, डॉक्टरांना बोलावून आणलं. पडद्यावर तिच्या कुशीशी दोघं वाकलेले दिसले. मग दार लागलं, श्वास घ्या, धरा, हे नेहमीसारखं ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर बायको म्हणाली, मशीन आज हळू चालत होतं.

घरी ती आंघोळीला निघाली तेव्हा मी मुद्दाम दारात थांबलो. डाव्या कुशीवर दोन रेषा होत्या. एक माझी, फिकट पुसलेली. दुसरी तिच्या वरच्या बाजूला, नवी, ठळक. दोन्हींत अंगठ्याएवढं अंतर होतं. अंगठ्याएवढं म्हणजे आमच्या गेज रूममध्ये मैलभर. किरण कुठल्या रेषेवर सोडले? आधी माझ्या रेषेवर सोडले आणि मग चूक कळली असेल तर? खाली-वर अंगठाभर, आणि मागे काळीज. तिला विचारायची हिंमत होईना. दुपारभर मी कागदावर आकृत्या काढत बसलो. दर वेळी माझं माप बरोबरच येत होतं.

मंगळवारी ती आत जायच्या आधी मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. फरशी, पाणसळ, कूलरसमोरचा अर्धा तास, पाच वेळा घेतलेलं माप. ती ऐकत राहिली आणि मग तिने एकच विचारलं.

"काका, माप घेताना काकूंचे हात कुठे होते?"

अंगालगत, मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला पडद्यावरचे ते डोक्यावर घेतलेले हात दिसले. दोन आठवडे रोज पाहिलेले. तिने समजावून सांगितलं. हात वर गेले की कातडीही वर सरकते. उजवी बाजू सैल, ती पुष्कळ सरकते. डावी टाक्यांनी ओढलेली, ती तेवढी सरकत नाही. त्यामुळे उजवीवरून डावी काढताच येत नाही. किरणांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, रोज किरण सोडण्याआधी मशीन आतला फोटो काढतं, हाडांशी जुळवून बघतं. काल जुळलं नाही, म्हणून आम्ही थांबलो, सगळं नीट बसवलं, रेषा नवीन काढली आणि मगच सुरू केलं. काळजाला काही झालेलं नाही.

माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरा गोंधळ सुरू झाला. फोटो जर सगळं पकडतो, तर रेषा कशाला? ती म्हणाली, दोन्ही लागतं, काका. बरं, दोन्ही लागतं. मी तो प्रश्न तिथेच सोडला. मग ती जरा चाचरत म्हणाली, "पण काकूंनी तर सांगितलं की रेषा त्यांनीच आरशात बघून काढली. डॉक्टर त्यांना खूप रागावले."

परतीच्या बसमध्ये नशिराबाद मागे पडलं. खिडकीबाहेर केळीचे मळे उन्हात माना टाकून उभे होते. मग मी तिला विचारलं, की हिरवा उजेड रेषेवर बसत नाही हे तुला तिथेच कळलं असणार, माझं नाव का नाही सांगितलंस. मला सांगायचं तरी, की चुकलं म्हणून. माझ्यामुळे तू बोलणी खाल्लीस. मी बोलत होतो आणि माझा आवाज चढत होता. राग कुणावर होता ते मलाच कळत नव्हतं.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण मनातलं बोलायची वेळ आली की ती अजून माहेरच्याच बोलीत बोलते.

"ऑपरेशन व्हयनं तवयपाईन तुम्ही तठे एकदाबी देखं नही," ती म्हणाली. "रविवारले देखं. पट्टी धरीसन का व्हयेना, पन देखं. ते चुकनं, असं मी त्या पोरीले कसं सांगू?"

भुसावळ येईपर्यंत मी तिची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. मी पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा मला फक्त अंतर दिसलं, असं मी समजत होतो. ती मात्र फरशीवर निजून माझ्याकडे बघत होती, आणि तिने काय मोजलं ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी नजर चुकवतो हे तिने इतके महिने ओळखलं होतं, याची मला लाज वाटली.

पट्टी मी कपाटात परत ठेवली. उरलेले दिवस रोज संध्याकाळी ती चिकटपट्टी दाखवायची आणि म्हणायची, "देखा बरं, रेघा जागावर शेतस का." मी चष्मा लावून बघायचो. जागेवर आहेत, म्हणायचो. मशीन अजूनही मला समजलं नव्हतं. न दिसणारी, न लागणारी गोष्ट तिच्या आत काय करते आहे, ते मी विचारायचं सोडून दिलं होतं. वण पहिल्यापेक्षा थोडा काळवंडला होता, कातडी सोलल्यासारखी झाली होती. मी ते बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं.

शेवटच्या दिवशी मुलीने सांगितलं, आता रेषा धुतल्या तरी चालतील. घरी आल्यावर ती आंघोळीला गेली आणि खूप वेळाने बाहेर आली. मी पेपर वाचत होतो. ती समोर येऊन उभी राहिली, पदर बाजूला केला आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "देखा बरं."

रेषा एकही उरली नव्हती. मी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि बघितलं.