सोळाच्या वेगावर

नंदूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "काका गेले गं, झोपेतच," काकू म्हणाल्या. सुतळी हातात तशीच राहिली... समोरच्या पत्रकावर माझंच वाक्य होतं, 'तलाव आमचा, मलबा तुमचा'. ते उगाच ओरडल्यासारखं वाटलं.

काका बाबांचे मित्र, बँकेतून रिटायर झालेले, कंप्यूटरचा नाद असलेले, राजेंद्र नगरला राहायचे. सांवेरकडच्या एका गावाचा तलाव प्लॉट पाडून कॉलनी कापण्यासाठी बिल्डर मलबा टाकून बुजवत होते, आणि सरकारी कागदावर तिथे तलाव कधी नव्हताच. पाणी कुठपर्यंत असायचं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, मी फोनवर रेकॉर्ड केलं. आम्ही तक्रार केली, पण सुनावणीच्या सरकारी दफ्तरात पुरावा सीडीवरच पाहिजे. आजच्या जमान्यात! पेनड्राइव्ह चालत नाही, लिंक चालत नाही. मी स्नेहलतागंजातल्या एका दुकानातून सगळ्यात जास्त वेगावर सीडी करून घेतली. दुकानात वाजली, दफ्तरातल्या जुन्या मशीनवर वाजली नाही. "मॅडम, खाली है," म्हणत बाबूनं ती रिकामी ठरवून परत सरकवली. पुढच्या सुनावणीलाही तसंच झालं असतं, तर गावाचं म्हणणं फाइलवर आलंच नसतं.

तणतणत काकांकडे गेले. सीडी लिहिणारा, लॅपटॉपला लावायचा पातळ बर्नर मी पसंत करून ठेवला होता.

"तो नको," काका म्हणाले. "एका वायरवर जगतो बिचारा. करंट कमी पडला की लिहिता लिहिता अडखळतो. स्वतःचा प्लग असलेला, जाडजूड घे."

तसाच घेतला. मग वेगावरून वाजलं.

"बावन्न दाखवतंय काका, दोन-तीन मिनिटांत होईल."

"आणि दफ्तरातल्या त्या बुढ्या मशीनला वाचता नाही आलं तर? सोळावर ठेव."

"मग सरळ चारवर ठेवते."

"आजच्या डिस्क इतक्या हळू लिहिण्यासाठी बनत नाहीत भिया." काका सगळ्यांसारखं मलाही 'भिया'च म्हणायचे. " तू एक तर पळतेस, नाही तर धरना देऊन बसतेस. मधलं काही येतं का तुला?"

सोळावर ठेवली. दफ्तराला दोन-तीन प्रती लागायच्या; हिरवी पट्टी पुन्हा पुन्हा सावकाश सरकत राहिली, खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं, आणि मी, दोन मिनिटं गप्प न बसणारी, बसून राहिले. प्रत्येक सीडी झाल्यावर काका ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, डोळे मिटून. "कंप्यूटर म्हणतो सब ठीक. त्याला काय, त्यानं तलाव थोडाच पाहिलाय?" तलाव काकांनीही पाहिला नव्हता. पण रेकॉर्डिंगमध्ये एक आजी सांगायच्या, चिंचेच्या बुंध्यापर्यंत पाणी यायचं, सिंघाडे असायचे, म्हशी संध्याकाळी निघायला तयार नसायच्या... ऐकता ऐकता त्या खोलीत पाणी चढत गेल्यासारखं वाटायचं. टेबल, कपाट, काकांची चप्पल, सगळं अलगद तरंगायला लागायचं. ज्यांनी त्या पाण्यावर प्लॉट आखले, त्यांना त्या खोलीत नुसतं बसवायला हवं होतं.

ती सीडी दफ्तरात वाजली. साहेबांनी ऐकली, मलबा टाकणं सध्या थांबलंय. सध्या! आता पुन्हा तारीख लागलीय आणि गावातल्या आणखी काही जणांचं म्हणणं द्यायचंय.

म्हणून परवा काकूंकडे गेले. काकांच्याच टेबलावर बसून सोळावर सीडी लावली. काकू आत गेल्या. पट्टी संपली, ट्रे बाहेर आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "झाली का गं? मिक्सर लावू?" सीडी होईस्तोवर घरात मिक्सर लावायचा नाही, करंट हलतो, हा काकांचा कायदा. चटणीचं सगळं भांड्यात भरून काकू तिथेच उभ्या होत्या.

"झाली काकू," मी म्हटलं, "पण थोडं थांबता का? शेवटपर्यंत ऐकायचीय."

पदराला हात पुसत त्या आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.