बाबांचे पांढऱ्या पट्टीचे टायर

आमच्या बाबांनी म्हातारपणी हट्टाने शेवटची खरेदी केली, ती टायरची.
चष्मा नाही, कानाचं मशीन नाही. टायर!

बाबा म्हणजे माझे सासरे. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

त्यांची काळी ॲम्बेसेडर, त्यांच्या तरुणपणातली. गिअर स्टिअरिंगपाशी, हॉर्न मूड असेल तर वाजणार. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी चालवणं सोडलं आणि माझा नवरा प्रशांत लगेच मागे लागला.
"बाबा, विकून टाकू. उभ्या उभ्या सडून राहिली ती."


दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "चाल वं, टायर घ्यायचे आहेत."

घ्या! विकायच्या गाडीला नवे टायर. तेही साधे नाही, व्हाइटवॉल. जुन्या फोटोतल्या गाड्यांना असतात ना, काळ्या टायरवर बाजूने पांढरा गोल पट्टा, ते.

कामठी रोडवरचं दुकान. दुकानदार पक्का नागपुरी. "अंकल, पतली पट्टी लो, डिसेंट दिखती है. चौडी तो बारात की गाडी लगेगी."
मी पण म्हटलं, "बाबा, बारीकच छान दिसते."
"तुले दिसते," बाबा म्हणाले. "मले नाही दिसत."
मला वाटलं, आवडीनिवडीचं बोलून राहिले.

मग जे चोचले सुरू झाले त्यांचे! दुकानदार साध्या टायरवर पट्टी रंगवून देतो म्हणाला तर नको, आपल्या उन्हात पापुद्रे निघतात म्हणे. बारीक पट्टीचा टायर दुकानासमोर लोळवत न्यायला लावला. "अजून दूर ने गा." मग रुंद पट्टीचा. मग परत बारीक. स्वतः सावलीत स्टुलावर, मान जरा वाकडी करून बघत बसलेले. दुकानदाराला घाम फुटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुंद पट्टीवाला टायर पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि बाबा लेकरासारखे हसले.
"हाच."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हातारपणी नट्टापट्टा सुचून राहिला यायले!"
प्रशांत फुगून बसला, पण विकायचं नाव काढणं बंद झालं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हुकूम. "जा वं, कॉलनीत चक्कर मारून ये. मी पाहतो."
मी ऑफिसमधून दमून आलेली, चहासुद्धा झालेला नसायचा. कुरकुरत जायची. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, गाडी गेटमधून आत येईपर्यंत.

मग दसरा आला.

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्याकडे चाकांना कुंकवाची बोटं लावतात. पण यावेळी टायर नवे, सासूबाईंचा उत्साह काय विचारता! तेलात कुंकू कालवून त्यांनी चारही चाकांची पांढरी पट्टी अख्खी रंगवून टाकली.
"आता कशी लक्ष्मी दिसते," म्हणाल्या.

मी लिंबं चिरडून चक्कर मारून आली. दिवेलागणीची वेळ. गाडी गेटसमोर उभी केली. बाबा हातात आपट्याची पानं घेऊन तयार. पहिलं सोनं ते दरवर्षी गाडीला द्यायचे.

ते पुढे आले आणि थांबले.

"अवं, गाडी कुठं राहिली?"

गाडी त्यांच्या पुढ्यात होती. हात लांबवला असता तर बॉनेटला लागला असता.

कोणीच हसलं नाही.
"बाबा, ही काय," मी म्हटलं.

त्यांनी चाचपडत बॉनेट शोधलं, पानं ठेवली.
"पांढरं दिसते मले. तेवढंच दिसते. बाकी समदा अंधार आहे पोरी."

"मग सांगितलं काहून नाही?" प्रशांत ओरडलाच.
"सांगून काय होते? डॉक्टर म्हणे, गेलेली नजर वापस येत नाही. आन् तू म्हटला असता, आंधळ्याच्या दारात गाडी कायले पाहिजे."



आता सासूबाईंबद्दल सांगते. माझी टिकली घामाने निघाली तरी 'कपाळ रिकामं ठेवू नको वं' म्हणून मागे लागणारी ही बाई. बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. ती बाई दसऱ्याच्या दिवशी, नव्या साडीत, मातीत बसली आणि पदराने चाकाचं कुंकू पुसायला लागली.

मी फडकं घेऊन धावली.
"तू सर. मी लावलं, मीच पुसतो," सासूबाई म्हणाल्या.

त्या रडत होत्या, पुसत होत्या. एक चाक पांढरं झालं तसं विचारलं, "आता दिसते का हो?"
"हौ," बाबा म्हणाले. "दिसून राहिली."

तेव्हापासून व्हरांड्यात दोन खुर्च्या लागायला लागल्या. मी चक्कर मारून आली की बाबांची टीका तयार. "ब्रेक लय उशिरा मारते ही."

बाबा झोपेतच गेले.

रीतीप्रमाणे नात्यातल्या बायका सासूबाईंचं कुंकू पुसायला पुढे झाल्या. सासूबाईंनी आपल्या थोरल्या नणंदेचा हात वरच्या वर धरला.

"माझं पुसून झालं बाई. दसऱ्यालेच पुसलं. त्यायले दिसावं म्हणून पुसलं. आता कोणासाठी पुसू?"

एकीनेही हात लावला नाही.

आज सकाळी प्रशांतने जुना टूथब्रश आणि साबण घेऊन चारही पट्ट्या घासल्या. सासूबाई कपाळभर कुंकू लावून बाबांच्या खुर्चीत बसल्या आहेत. मघाशीच हाक आली, "जा वं, चक्कर मारून ये."

जाते.

बाबा, पट्टी पांढरीशुभ्र आहे. ब्रेकही वेळेवर मारीन.
आम्हा सगळ्यांची तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.