साध्या पाण्यात विषाणू

महाळुंग्याच्या आमच्या गाळ्यात विषाणू ओळखणारं यंत्र बनतं. नाकातल्या नमुन्याचा थेंब काचेच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी यंत्राच्या खाचेत सरकवायची. आत निळा उजेड पडतो. विषाणू असला तर थेंब हिरवा चमकतो, नसला तर काळोख. मला एवढंच कळतं. माझं काम फरशी, काचा, चहा. सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेल्या माणसाला गाळ्याच्या मालक मॅडमनी मार्कशीट न मागता ठेवून घेतलं. म्हणूनच की काय, हे हातचं जाईल अशी धास्ती मला कायम असते.

खंडेनवमीला शेजारच्या पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपमध्ये मशीन-मशीनला हार चढले. आमचं यंत्र तसंच बोडकं. ज्याच्यावर माझं घर चालतं त्याला साधं हळद-कुंकू नाही, हे मनाला पटेना. सगळे निघाल्यावर मी पूजा केली. झाकण उघडून आतल्या खाचेलाही चिमूटभर हळद वाहिली आणि वरवर पुसून घेतलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तर साध्या पाण्यातही यंत्र विषाणू दाखवायला लागलं. मॅडमनी पाणी बदललं, पट्ट्या बदलल्या, थेंबात मिसळायच्या रसायनाची नवी बाटली फोडली. आमचा इंजिनीअर म्हणाला, "मॅडम, पाण्यालाच सर्दी झालीय." चहा देता देता मीही हसलो. ते हसणं अजून टोचतं.

शेवटी त्यांनी खोलीत अंधार केला, यंत्र खोललं आणि निळी बॅटरी मारली. खाचेत हिरवे कण चमकत होते.

"हळद आहे ही," मॅडम म्हणाल्या. "या उजेडात तीही हिरवी चमकते. पूजा कुणी केली?"

इंजिनीअर हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच ना?"

बॅटरी माझ्याकडं वळली. माझ्या नखांच्या कडाही हिरव्या.

"चुकलं मॅडम. गावाकडं औताची करतो, तशी केली." आता घरी पाठवणार, असंच मी धरून चाललो.

"मला विचारलं असतं तर बाहेरून हार घातला असता आपण," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. मग स्पिरिट आणि कापूस त्यांनी इंजिनीअरच्या हातात दिला. पुसायचं काम माझं, तरी मी नुसता बॅटरी धरून उभा.

पट्टीवरचं पाणी अखेर काळं दिसलं.

"चहा ठेवा भाऊ, सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. म्हणजे नोकरी राहिली होती. चहा उकळून खाली उतरवला, पण ज्यांच्या गोंधळाला मी हसलो होतो, त्यांच्यापुढं ट्रे घेऊन जायला पाय उचलेना.