बहाव्याचं खोड

मी हिंगोलीतल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. पानगळ हा विषय कितीतरी वर्षं शिकवत आलो आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मला अज्ञानाची सबब नाही.

घराजवळच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांचा एक ओटा ठरलेला आहे. ओट्यालगत एक जुना बहावा होता. गेल्या वर्षी फाल्गुनात त्याची सगळी पानं झडली, लांब काळ्या शेंगा तेवढ्या लोंबत राहिल्या. एका सकाळी त्याची वाळकी फांदी ओट्यावर पडली. कुणाला लागलं नाही. पण आमच्यातले एक निवृत्त तलाठी म्हणाले, "गेलं हे झाड. सर, तुमचं अक्षर चांगलंय, द्या एक अर्ज लिहून. कोनाच्या डोक्यात पडलं म्हंजे?"

मधल्या सुट्टीत मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. 'सदर वृक्ष पूर्णतः वाळला असून धोकादायक झाला आहे.' झाडापाशी जाऊन एकदा नीट बघावं, एवढंही मला सुचलं नाही. चार दिवसांत मशीन आली आणि बहावा आडवा झाला.

बागेची झाडं सांभाळणारे मामा तेव्हा बागेत नव्हते. दरवर्षी हळद शिजवायच्या दिवसांत ते कुरुंद्याला लेकीच्या शेतावर पंधरा दिवस जातात. परत आले तेव्हा त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. ते उरलेल्या खोडापाशी बसले आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. आत ओलं, हिरवं निघालं.

"याला कोन मेलं म्हनलं?" त्यांनी विचारलं.

तलाठी हसत म्हणाले, "मामा, तुमी हळदीला गेले, पानी कोन घालील? वाळलं बिचारं."

"दरसाली पानं टाकतंय हे. चैत सरता सरता फुलतंय."

"आता कायबी सांगा."

सगळे हसले. मी ते हिरवं पाहिलं होतं, मामांचं म्हणणं खरं आहे हेही मला ठाऊक होतं. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

तिथून पुढे तो विनोदच होऊन बसला. मामा नळी घेऊन निघाले की कुणीतरी म्हणायचं, "कण्हेरीला तरी पानी घाला मामा, न्हाईतर तीबी जाईल." मामा नळी ओढत पुढे जात. मी गप्प असे.

त्या वर्षी मी बाग पहिल्यांदा पाहिली. आधी नुसता चालत होतो. करंजाची कोवळी पानं तेलकट चमकतात, कडुनिंबाचा मोहोर ओट्यावर कण्यांसारखा पडतो, शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. रस्त्यापलीकडचा बहावा फुलला तेव्हा मी आठवडाभर फिरायला दुसरीकडे गेलो. आषाढात आमच्या तोडलेल्या खोडाच्या बुडाशी तांबूस धुमारे फुटले. मामांनी त्यातला एक ठेवला आणि भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. दिवाळीपर्यंत तो माझ्या कमरेला लागला. पौषातल्या थंडीत त्याच्या पानांवर दव साचायचं. मी रोज तिथं थांबायचो.

यंदा फाल्गुन लागला आणि मामा माझ्यापाशी आले.

"सर, मी उद्या कुरुंद्याला चाललो. तुमी रोज हितं थांबता, म्हनून सांगतो. दिवसाआड दोन बादल्या घाला. पानं गळाली तर घाबरू नका."

मी हो म्हणालो. ते वळले. मग माझ्या तोंडून निघालं, "मामा, तो अर्ज मी लिहिला होता."

ते थांबले. हातातल्या बादलीची कडी त्यांनी दोनदा वर-खाली केली.

"तुमी? लेकरायला झाडाचं शिकवता ना तुमी?"

"होय."

"मंग सालभर गप काहून बसले?"

माफ करा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मला सांगून काय होतंय? मला तर म्हाइतीच हाय की मी मारलं न्हाई. ज्याह्यच्या पुढं मला बोलले, त्याह्यला सांगा." बादली माझ्या पायाशी ठेवून ते गेले.

दिवसाआड पाणी घालत राहिलो. आठवडा झाला, तरी ओट्यावर काही बोलता आलं नाही. रोज घरून ठरवून निघायचो आणि रोज राजकारणावर बोलून परत यायचो. मग त्या रोपाची पानं पिवळी पडून झडू लागली. मामा यायच्या आदल्या सकाळी नुसती काडी उरली होती. तलाठी पाहून म्हणाले, "घ्या! मामा हळदीला, अन् हेबी गेलं."

बाकीचे हसायला लागले. मी बादली खाली ठेवली.

"हे गेलेलं नाही," मी म्हणालो. "तेही गेलेलं नव्हतं. मामांनी साल खरवडली तेव्हा मी हिरवं पाहिलं होतं. मामांचा काही दोष नव्हता. जिवंत झाड मेलं म्हणून मी लिहून दिलं, आणि त्यांना बोलणी बसत असताना गप्प बसलो."

तलाठ्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच लिवा म्हनलो होतो," एवढं हळूच म्हणाले आणि उठून एकटेच चालायला लागले.

मी उरलेलं पाणी काडीच्या बुडाशी ओतलं. नख लावून पाहावंसं फार वाटलं, पण साल कोवळी होती.